साभार गूगल म्हणे!

दाजींनी परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "वाच गं बाई, उगाच कुणाशी वैर घेऊ नकोस." ही बाई म्हणजे माझी भाची. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तिला एकदाचं इंद्रवज्र दिसलं. पाठीशी कोवळं ऊन, समोर दरीत धुकं आणि धुक्यावर पुरं गोल इंद्रधनुष्य. त्यासाठी तीन वर्षं गड चढत होती पोरगी. फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि आठवड्याभरात तो एका भल्यामोठ्या भटकंतीच्या पेजवर झळकला. कोपऱ्यातलं तिचं नाव कापलेलं, खाली 'साभार: गूगल'. ती तक्रार करायला निघाली होती. मेसेज वाचला आणि गप्प बसली.

मेसेज असा: 'सोशल मीडियावर टाकलेला फोटो सार्वजनिक होतो. साभार लिहिलं की कुणीही वापरू शकतो. वॉटरमार्क किंवा नोंदणी नसेल तर कॉपीराइट नाही. पैसे कमवत नसाल तर गुन्हा नाही. उगाच तक्रार केली तर तुमचंच खातं बंद होतं. एका नामांकित वकिलांचा सल्ला, पुढे पाठवा.'

नामांकित वकिलांचं नाव तेवढं राहिलं. दाजी, तुमचा मान राखून सांगतो, यातलं एक वाक्य धड नाही. बरं, दोन वाक्यं अर्धी अर्धी खरी आहेत, तेवढं पदरात घाला.

पहिलं अर्धं लगेच देऊन टाकतो. खातं उघडताना ज्या अटी आपण न वाचता मान्य करतो, त्यांत आपला फोटो दाखवायची, वापरायची आणि तसा परवाना पुढे द्यायचीही मुभा कंपनी घेते. पण ती कंपनी घेते, पेजवाला नाही. हाच वाद अमेरिकेत कोर्टात गेला होता. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. डॅनियल मोरेल हा छायाचित्रकार तेव्हा तिथे होता. त्यानं फोटो ट्विटपिक या फोटो चढवायच्या साइटवर चढवून ट्विटरवर टाकले. दुसऱ्याच एका माणसानं ते उचलून आपले म्हणून लावले, आणि एएफपी या वृत्तसंस्थेनं त्या माणसाच्या नावानं ते गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत जगभर पाठवले. मोरेलनं हरकत घेतली, तर एएफपीच आधी कोर्टात गेली. म्हणणं काय, तर ट्विटरच्या अटींमुळे आम्हाला परवानगी आहे. जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीशांनी ते फेटाळलं आणि नोव्हेंबरमध्ये ज्यूरीनं एएफपी आणि गेटीवर १२ लाख डॉलरची भरपाई बसवली. निकाल अमेरिकेतला आहे, आपल्या कोर्टांना बांधील नाही, हे मलाही कळतं. पण आपला १९५७ चा कॉपीराइट कायदासुद्धा फोटो काढणाऱ्यालाच त्याचा कर्ता मानतो, आणि तो फोटो इन्स्टावर चढवला म्हणून कर्ता बदलतो असं त्यात कुठेही नाही.

आता ते 'साभार'. याच्याइतकं डोक्यात जाणारं दुसरं काही नाही. मोरेलच्या फोटोंखालीही नाव होतंच की, चुकीच्या माणसाचं! आपल्याकडे तर माणूससुद्धा लागत नाही, गूगल पुरतं. गूगलनं फोटो काढला? गूगल गड चढलं? पार्किंगमधून कुणाची तरी स्कूटर उचलायची आणि मागे पाटी लावायची, 'साभार: पार्किंग'. आणि नाव बरोबर लिहिलं असतं तरी भागत नाही. कर्त्याचं नाव लागणं हा त्याच कायद्याच्या कलम ५७ मधला वेगळा हक्क आहे, आणि वापरायची परवानगी ही वेगळी गोष्ट. एक दिलं म्हणून दुसरं फुकट मिळत नाही. त्यातून हा फोटो इंद्रवज्राचा. त्या गोलाच्या मधोमध बघणाऱ्याला स्वतःचीच सावली दिसते. म्हणजे 'साभार: गूगल' लिहिलेल्या त्या फोटोत भाची सावलीनं उभी आहे, कॅमेरा डोळ्याला लावून.

वॉटरमार्क, नोंदणी: दोन्ही लागत नाहीत. फोटो काढला की हक्क तयार. नोंदणी ऐच्छिक आहे, पुराव्याला बरी पडते. उलट असलेलं नाव जाणूनबुजून काढून टाकणं हाच २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

पैसे कमवत नाही: जाणूनबुजून हक्क मोडला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर कोर्ट कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. शिक्षा कमी, गुन्हा आहेच. आणि लाखभर लोकांच्या पेजवर ट्रेकच्या जाहिराती लावणाऱ्यानं हे बोलूच नये.

खरा राग आहे तो शेवटच्या वाक्याचा, कारण पोरगी त्यालाच घाबरली. खोटी तक्रार केली, दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून सांगितला, तर खातं जाऊ शकतं. हे दुसरं अर्धं खरं. तिच्याकडे तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल आहे. इन्स्टाच्या फॉर्ममध्ये आपल्या फोटोची लिंक, चोरलेल्याची लिंक आणि हा हक्क माझा असं निवेदन द्यायचं. फॉर्म मालकानं किंवा त्यानं नेमलेल्यानंच भरायचा, मामानं परस्पर नाही. आपलं नाव आणि ईमेल समोरच्याला कळतं, म्हणून ईमेल वेगळा काढावा. आपल्याकडे २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियमही आहे: लेखी तक्रारीनंतर खात्री पटली तर कंपनीनं ३६ तासांत फोटो अडवायचा. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत लागू शकतो. ही पळवाट आहे खरी, आणि एका फोटोसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? पण त्यामुळे तक्रारच करू नका, हा सल्ला फक्त चोराच्या फायद्याचा.

काल तिनं फॉर्म भरला. रात्री दाजींचा फोन. "मग आमच्या लग्नाचा अल्बम त्या फोटोवाल्याचा का रे?" नाही दाजी. पैसे देऊन काढून घेतलेत आणि वेगळा करार नसेल, तर तो तुमचा. तिला मात्र कोकणकड्यावर कुणी पैसे देऊन धाडलं नव्हतं.