जुडी त्यांची, पाणी आपलं

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: "पुणेकरांनो, सावधान! मांजरी, लोणी काळभोर, थेऊरकडची पालेभाजी घेऊ नका. तिकडचे शेतकरी गटाराच्या पाण्यावर तरकारी पिकवतात. पाणी फुकट, खत फुकट, आणि विष आपल्या ताटात. इस्रायलमध्ये हेच पाणी शुद्ध करून वापरतात, आपल्याकडे लोकांना अक्कल नाही. त्यांच्या नदीवरच्या पाण्याच्या मोटारी तोडा, गुन्हे दाखल करा." खाली हात जोडलेले तीन आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

माझी आत्या थेऊरच्या पुढे राहते. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

"शेतकरी गटाराच्या पाण्यावर तरकारी पिकवतात." पिकवतात, खरं आहे. पण ते पाणी तिथे आलं कसं, हे मेसेजमध्ये नाही. खडकवासल्याचं धरण 1879 साली पुरं झालं. पुणं आणि खडकीच्या छावणीला पाणी द्यायचं होतंच, पण त्याचा मुठा कालवा पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातली जमीन भिजवायला काढलेला होता. पुढे शहर वाढलं आणि धरणाचं पाणी वरच्यावर शहरातच मुरायला लागलं. मग तोड निघाली: शहराने पिण्यासाठी जास्त पाणी घ्यावं आणि त्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावं. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधलं. तिथून मुळा-मुठा नदीचं पाणी उचलून जुन्या कालव्यात सोडतात. लोक त्याला बेबी कालवा म्हणतात.

आता गणित करू. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,832 कोटी लिटर. साडेसहा टीएमसी वर्षभरात वाटले की दिवसाला पन्नास कोटी लिटर होतात, म्हणजे महापालिकेच्या भाषेत 504 एमएलडी (दिवसाला 504 दशलक्ष लिटर). भैरोबा नाला, विठ्ठलवाडी, बोपोडी, खराडी अशी जी नऊ जुनी शुद्धीकरण केंद्रं आहेत, त्यांची कागदावरची एकूण क्षमता 477 एमएलडी. म्हणजे एकही पंप बंद न पडता, एकदाही वीज न जाता ही नऊच्या नऊ केंद्रं वर्षभर काठोकाठ चालली, तरी त्यांच्याकडून साडेसहा टीएमसी शुद्ध पाणी होत नाही. उरलेलं काय असतं, ते मुंढव्याच्या पुलावर नाक उघडं ठेवून उभं राहिलं की कळतं. जपानच्या 'जायका' या सरकारी मदतसंस्थेकडून कर्ज घेऊन आणखी 11 केंद्रं, 396 एमएलडी, असा करार जानेवारी 2016 मध्ये झाला. प्रत्यक्ष कामाला हात लागायला पुढची पाच-सहा वर्षं गेली. तोवर उसाला आणि मेथीला पाणी लागत होतंच.

आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, कालव्यात काय सुटणार, हे शेतकरी ठरवत नाही. त्याच्या हातात एवढंच असतं की दारं धरायचं, म्हणजे आलेलं पाणी पिकाला द्यायचं, की रान कोरडं ठेवायचं.

"पाणी फुकट, खत फुकट." पाणी फुकट नाही, कालव्याच्या पाण्याला पाणीपट्टी आहे. पुरंदर उपसा योजनेत तर याच मुळा-मुठेचं पाणी कोरेगाव मूळपाशी उचलून डोंगरापलीकडे नेतात आणि तिथले शेतकरी त्यासाठी पैसे मोजतात. आपलंच मैलापाणी पैसे भरून विकत घेणारी माणसं पुणे जिल्ह्यात आहेत, हे फॉरवर्ड करणाऱ्यांना ठाऊक नसावं.

खताचं मात्र अर्धं खरं आहे. या पाण्यात नत्र असतं, स्फुरद असतं, युरियाची एखादी गोणी वाचते, हे आत्याच्या घरीही कबूल करतात. पण गोणीतला युरिया कधी टाकायचा आणि कधी थांबवायचा हे आपल्या हातात असतं. पाण्यातला नत्र थांबवता येत नाही. ऊस नुसता वाढतो, लोळतो, साखरेचा उतारा पडतो. क्षार साठत जातात तशी भारी काळी जमीन चोपण, म्हणजे खारवट आणि कडक, व्हायला लागते. उन्हाळ्यात नदीत जलपर्णी इतकी माजते की मोटारीचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) दर दोन दिवसांनी उतरून साफ करावा लागतो. जो उतरतो त्याच्या अंगाला रात्रभर खाज. आत्याच्या विहिरीचं पाणी पूर्वी अख्खी वस्ती प्यायची. आता त्याला वास येतो आणि प्यायला जारचं पाणी विकत आणतात. "आमच्या विहिरीला वास पुण्याचा, आणि जारचे पैसे आमचे," असं ती म्हणते. फुकट खताची ही किंमत मेसेजमध्ये धरलेली नाही.

"विष आपल्या ताटात." घाबरावं की नाही? थोडं घाबरावं, पण नीट समजून. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू आणि जंतांची अंडी ही एक. पालक शिजवला की जंतूंचा प्रश्न जवळजवळ मिटतो. कच्ची कोथिंबीर, पात, मुळा यांचा उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच सगळा भार एका शुद्धीकरण केंद्रावर टाकला नाही. थोडी शुद्धी केंद्रात, पुढे ठिबक, काढणीआधी काही दिवस पाणी बंद, मग धुणं, सोलणं, शिजवणं, अशा टप्प्याटप्प्याने धोका उतरवायचा. यातलं ठिबक आणि पाणी तोडणं शेतकऱ्याला जमू शकतं, पण मैल्याच्या गाळाने ठिबकची नळी बुजते, आणि पाणी तोडलं की पालेभाजी सुकून भाव पडतो. ती तूट कोण भरणार? दुसरी गोष्ट जड धातू. ते धुऊन जात नाहीत, शिजवून मरत नाहीत, आणि पालेभाजीच्या पानात साठतात. मेथी-पालकाच्या पिकातून धातू येत नाहीत. ते कारखान्यांच्या आणि प्लेटिंगच्या शेडमधून नाल्यात येतात. तिथे अडवले तरच अडतात, थेऊरच्या बांधावर नाही.

आणि ताटाची एवढी काळजी करताना एक माणूस आपण विसरतो. सगळ्यात जास्त धोका जुडी खाणाऱ्याला नाही, जुडी बांधणारीला आहे. खुरपायला, भाजी काढायला येणाऱ्या बायका अनवाणी त्या चिखलात सहा-सात तास वाकलेल्या असतात. अंकुशकृमी (हुकवर्म नावाचा जंत) तळपायाच्या कातडीतून शिरतो. त्याच हातांनी दुपारची भाकरी खायची, आणि हात धुवायला पाणी कुठलं, तर तेच. आपला कायदा याबाबत काय म्हणत आला बघा: पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी (त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला 30 मिलिग्रॅम, आणि शेतात सोडायच्या पाण्याला 100 चालतो; शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांनाही 2017 पर्यंत हेच लागू होतं. जमीन घाण पचवते, हा त्यामागचा विचार. त्या जमिनीत कुणाचे पाय असतात, याचा रकाना नाही.

"इस्रायलमध्ये शुद्ध करून वापरतात." अगदी बरोबर, सांडपाण्याचा पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक भाग तिथे शेतीला जातो. पण तेल अवीव परिसराचं मैलापाणी आधी केंद्रात शुद्ध होतं, मग वाळूच्या थरांतून जमिनीत मुरवतात, पुन्हा उपसतात आणि वेगळ्या नळाने दक्षिणेला नेगेवमध्ये नेतात. हे सगळं शेतकऱ्याच्या अकलेने होत नाही, शहराच्या आणि सरकारच्या खर्चाने होतं. या उदाहरणाने मेसेज स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देतो. (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी एवढंच विचारलं की आपल्या आवारातलं एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, चालू असतं का. चार दिवस झाले, उत्तर नाही. मेसेज मात्र पुन्हा दोनदा आला.)

राहिल्या मोटारी. समजा तोडल्या. मुळा-मुठा थेऊर, कोरेगाव मूळ ओलांडून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते. जे मैलापाणी आज उसाच्या सरीत मुरतं, ते सगळं मग थेट तिकडे जाईल. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. मेसेज पाठवणाऱ्यांचे कुणी सोलापूरला असतील, तर मोटारी तोडण्याआधी त्यांनाही फॉरवर्ड करावा.