क्लब सँडविचमधली मधली स्लाइस काढून फारसं काही साधत नाही

क्लब सँडविच म्हणजे ब्रेडच्या तीन भाजलेल्या स्लाइसमध्ये रचलेले दोन थर. वजन कमी करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतो: ‘बाहेर जेवायचंच असेल तर क्लब सँडविच मागवा. त्यात तळलेलं काही नाही, चिकन-अंड्याचं प्रोटीन आहे, मेयोनीजमध्येही (मेयोतही) अंडं असतं, सॅलड आहे. ब्राउन ब्रेड सांगा, मधली स्लाइस काढून टाका, झालं डाएट जेवण. व्हेज क्लब तर आणखी हलका.’ डायबेटिस आणि बीपी असलेली माणसंही यावर विसंबून मागवतात, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

‘तळलेलं काही नाही, म्हणून हलका.’ तेल कढईत नसलं तरी मेयोनीजमध्ये आहे. तीन स्लाइसच्या सँडविचमध्ये आतल्या बाजू चार होतात: खालच्या स्लाइसची एक, मधलीच्या दोन आणि वरचीची एक. हॉटेलात प्रत्येक बाजूला सढळ हाताने मेयो लागतं. एका बाजूला एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 14 ग्रॅम धरलं, तर चार चमच्यांचे 380 च्या आसपास कॅलरी होतात. तीन स्लाइसचे मिळून होतात सुमारे 230, 85 ग्रॅम भाजलेल्या चिकनचे 140 आणि बेकनच्या (खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या) तीन पट्ट्यांचे 130. बेरीज 900 जवळ जाते, आणि चीज, तळलेलं अंडं, बाजूचे फ्राइज अजून धरलेलेच नाहीत. 100 ग्रॅम फ्राइजचे आणखी 300 धरा.

‘मधली स्लाइस काढा.’ वाचतात 75 ते 80 कॅलरी. एका चमचा मेयोचे त्याहून जास्त असतात. शिवाय स्लाइस काढली तरी तिच्यावरचं मेयो बहुतेक आतच चिकटून राहतं. काढायचंच असेल तर मेयो काढा.

पण नुसतं काढून भागत नाही, कारण त्याला दोन कामं असतात. त्यातल्या तेलामुळे टोमॅटोचं पाणी टोस्टमध्ये मुरत नाही आणि त्याच्या चिकटपणामुळे थर धरून राहतात. मेयो गाळलं की दहा मिनिटांत टोस्ट लिबलिबीत होतो, म्हणून घरी करताना ही दोन्ही कामं दुसऱ्या कशाकडे तरी सोपवावी लागतात. तीन छोटे चमचे घट्ट चक्का, एक छोटा चमचा मेयो आणि थोडी मोहरीची पेस्ट एकत्र करा. त्यात मीठ घालू नका, चक्क्याला पाणी सुटतं. टोमॅटोच्या बिया काढून चकत्या कापडावर टिपून घ्या आणि ब्रेड व टोमॅटोच्या मध्ये लेट्यूसचं कोरडं पान ठेवा. स्लाइस कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजा आणि उभ्या टेकवून निववा. गरम असताना एकावर एक रचल्या तर वाफेनेच मऊ पडतात. 85 ग्रॅम साधं भाजलेलं चिकन, एक उकडलेलं अंडं आणि तिन्ही स्लाइस ठेवूनही हा सँडविच साडेपाचशे कॅलरीच्या आत बसतो, प्रोटीन 40 ग्रॅमच्या आसपास मिळतं.

‘प्रोटीन भरपूर.’ चिकनच्या तुकड्यांचा क्लब असेल तर हे खरं आहे. मात्र ‘मेयोतही अंडं असतं’ ही जोड चुकीची. चमचाभर मेयोमध्ये प्रोटीन नावापुरतं असतं आणि आपल्याकडे विकलं जाणारं बरंचसं मेयो बिनअंड्याचं असतं. चिकनऐवजी सलामी किंवा हॅम आलं तर प्रश्न मिठाचा होतो, आणि मेसेजमध्ये मिठाचा उल्लेखही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ. ब्रेडमधून सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम, बेकनमधून तेवढंच, सलामी-हॅमच्या कापांतून 700-800 आणि वर मेयो, चीज. एका प्लेटमध्ये दिवसाचा कोटा जवळपास संपतो. बीपी असलेल्यांनी कॅलरीआधी हा हिशेब पाहावा.

बेकन, हॅम आणि चिकन सलामीसुद्धा प्रक्रिया केलेल्या, म्हणजे खारवून, धुरी देऊन किंवा टिकाऊ करून ठेवलेल्या मांसात मोडतात. असं मांस मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला कारण ठरतं, असं आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने 2015 मध्ये जाहीर केलं. धोका किती खातो त्यावर वाढतो. कधीतरीच्या दोन पट्ट्यांनी घाबरू नये, पण रोजच्या डब्यात सलामी नको.

‘सॅलड आहे.’ लेट्यूसची दोन पानं आणि टोमॅटोच्या तीन चकत्या मिळून जेमतेम 80 ग्रॅम. दिवसाला फळं-भाज्या किमान 400 ग्रॅम हव्यात. मैद्याचा ब्रेड धरूनही फायबर 3 ग्रॅमच्या आसपासच राहतं. फ्राइजच्या जागी वाटीभर काकडी-गाजराची कोशिंबीर घेतली तर खरा फरक पडतो.

‘ब्राउन ब्रेड सांगा.’ रंगावर जाऊ नका, पाकीट उलटून पाहा. घटकांत पहिलं नाव मैद्याचं आणि पुढे 150ए, 150सी किंवा 150डी असेल, तर तो कॅरमलने रंगवलेला मैदा आहे. पहिलं नाव अख्ख्या गव्हाच्या पिठाचं (आटा) हवं.

‘व्हेज क्लब आणखी हलका.’ बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, हिरवी चटणी, एक चीज स्लाइस आणि चारही बाजूंना बटर. एका बाजूला 10 ग्रॅम धरलं तरी बटरचेच 290 कॅलरी होतात आणि सगळं मिळून प्रोटीन 12-13 ग्रॅम. बटाट्याच्या जागी 80 ग्रॅम पनीर घाला, बटर एकाच बाजूला लावा. हिरव्या चटणीत पाणी कमी ठेवा, नाहीतर तीच ब्रेड भिजवते.

हॉटेलात मागवताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: मेयो वेगळ्या वाटीत, सलामीऐवजी भाजलेलं चिकन, फ्राइज नकोत. चार तुकड्यांपैकी दोन खाऊन उरलेले बांधून घेतलेत, तर लगेच फ्रीजमध्ये ठेवा. चिकन-मेयोचं सँडविच आपल्या उन्हाळ्यात गाडीत तासाभराहून जास्त राहिलं तर ते टाकून द्यावं.