कोवळ्या ज्वारीचा रस? आधी गुरं पाळणाऱ्याला विचारा

मावशीच्या ग्रुपवर मेसेज आलाय आणि ती आता कुंडीत ज्वारी पेरायला निघालीये. मेसेज असा, की गहू, मका, ज्वारी स्वतःच कीटकनाशक बनवतात, ते जीन कंपन्यांनी घातलंय, देशी वाणात हे नसतं, फवारणी थोतांड आहे, म्हणून पोळी-भाकरी सोडा आणि आठवड्याच्या ज्वारीच्या रोपांचा रस प्या.

पहिलं वाक्य खरंय, मान्य करावंच लागेल. मका आणि गहू कोवळे असताना डिम्बोआ नावाचं रसायन बनवतात, साखर जोडून पेशीत साठवतात, अळीने पान चावलं की एन्झाइम ती साखर तोडतं आणि अळीला प्रसाद मिळतो. बाकी मेसेज कचरा.

कंपन्यांनी घातलं? ज्वारीचं असं स्वतःचं रसायन म्हणजे धुरिन, ते डन्स्टन आणि हेन्री या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 1902 साली शोधलं. तेव्हा जीन घालायला कंपनी कुठली होती बाबा? आणि संकरित ज्वारी यायच्या कितीतरी आधीचं हे, म्हणजे देशी वाणाचा मुद्दाही तिथेच संपला.

फवारणीचं म्हणाल तर 2018 पासून आपल्याकडे मक्यावर आलेली लष्करी अळी डिम्बोआला परत साखर चिकटवून निकामी करते, मग फवारणी का लागते ते मक्याच्या शेतकऱ्याला विचारा.

आता तो रस. हे वाचून खरंच डोकं फिरलं. धुरिन सगळ्यात जास्त कोवळ्या रोपातच असतं. ते एका थरातल्या पेशींत आणि ते तोडणारं एन्झाइम दुसऱ्या थरात, चिरडलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. मिक्सर नेमकं हेच करतो! पाण्याचा ताण बसलेले कोवळे फुटवे खाऊन गुरं दगावतात म्हणून शेतकरी फुलोरा येईपर्यंत ज्वारीत जनावर सोडत नाहीत, आणि हे लोक तेच ग्लासात ओतून वर लिंबू पिळा म्हणतायत. गव्हांकुराचा रस चालतो मग हा का नाही, असं मावशी विचारते. अगं, गवत दिसायला सारखं असलं तरी आतलं रसायन वेगळं.

पिकलेल्या दाण्यात धुरिन जवळपास नसतंच, त्यामुळे भाकरी खुशाल खा. रस कुणी प्यायलंच असेल आणि डोकं दुखतंय, चक्कर येतेय, धाप लागतेय, तर ग्रुपवर विचारत बसू नका, दवाखाना गाठा आणि काय प्यायलं ते डॉक्टरला नीट सांगा.