‘कम्बाइन्ड अकाउंट’च्या अर्ध्या मार्काबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या क्लासला दोन स्टार देऊन लिहिलंय, की मुलाने इंग्रजीच्या चाचणीत आईवडिलांचं ‘जॉइंट अकाउंट’ऐवजी ‘कम्बाइन्ड अकाउंट’ लिहिलं म्हणून सरांनी अर्धा मार्क कापला. शब्दकोशात कम्बाइन्ड म्हणजे संयुक्त, जॉइंट म्हणजेही संयुक्त, मग चुकलं काय? मूल हिरमुसून घरी आलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण मार्क योग्यच कापलाय. कारण इथेच सांगतो, हा प्रश्न आमच्याकडे जवळपास प्रत्येक बॅचमध्ये निघतो.

शब्दकोश बरोबर आहे. फक्त मराठीत जिथे एका ‘संयुक्त’वर भागतं, तिथे इंग्रजी दोन शब्द वापरते. आईचा पगार वेगळा, वडिलांचा वेगळा. घरकर्ज देताना बँक दोन्हींची बेरीज करते, ती कम्बाइन्ड इन्कम. खात्यात अशी बेरीज नसते. खातं एकच, हक्क दोघांचा. म्हणून बँकेच्या फॉर्मवर जॉइंट अकाउंट छापलेलं असतं. सातबाऱ्यावर भावांची सामाईक जमीन असते, तीही जॉइंट.

परीक्षांची नावंच घ्या. निफाड-दिंडोरीहून नाशकात येऊन राहिलेली मुलं एमपीएससीच्या ‘कंबाईन’ची, म्हणजे संयुक्त परीक्षेची, तयारी करतात. पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक), एसटीआय (राज्य कर निरीक्षक), एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) ही पदं निरनिराळी, त्यांची पूर्वपरीक्षा एकत्र केली, म्हणून कम्बाइन्ड. जेईई अॅडव्हान्स्ड ही प्रवेश परीक्षा मात्र सगळ्या आयआयटींची मिळून एकच, म्हणून ‘जेईई’तला ‘जे’ म्हणजे जॉइंट. मराठीत दोन्हीकडे आपण ‘संयुक्त’च म्हणतो, त्यामुळे मुलांचा गोंधळ होणं साहजिक आहे, आणि तो आठवी-नववीतच सुटलेला बरा. पुढे मुलाखतीत कोणी थांबून समजावत नाही.

त्याच पेपरात खाली बघा. द्राक्षांच्या दोन क्रेटचं मिळून वजन सांगताना त्याने ‘देअर कम्बाइन्ड वेट’ लिहिलंय. अगदी चोख! सरांनी पूर्ण मार्क देऊन शेजारी ‘छान’ लिहिलंय. शेवटच्या वाक्यात ‘कम्बाइन्ड टुगेदर’ आलंय, त्यातलं ‘टुगेदर’ खोडलंय पण मार्क कापलेला नाही. कम्बाइन्डमध्ये ‘एकत्र’ आलंच, पुन्हा कशाला सांगायचं?

शनिवारी संध्याकाळी पालकांना भेटण्याची वेळ असते. पेपर आणि मुलगा, दोघांना घेऊन या. सर त्याच्याकडून दोन्ही शब्दांची नवी वाक्यं करून घेतील.