आईने पार्किन्सन्स ‘दिला’ म्हणणाऱ्यांना

परवा आईने पार्किन्सन्सची, म्हणजे कंपवाताची, सकाळची सातची गोळी घेतलीच नाही. कप दोन्ही हातांनी धरूनही चहा बशीत सांडत होता. मला म्हणाली, “तुम्हा दोघींनाही माझ्यामुळेच होणार ना गं हे?” आदल्या रात्री भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला होता : पार्किन्सन्स हा मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म घटकांचा) आजार, मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणून आजारी आईची मुलं सुटत नाहीत. उपाय काय, तर गोळ्या बंद करा, कोक्यूटेन नावाच्या पूरक गोळ्या घ्या, तीन महिन्यांत कंप जातो.

मायटोकाँड्रियाचा संबंध आहे, तेवढं मान्य. 1982 साली कॅलिफोर्नियात भेसळीचं कृत्रिम हेरॉईन टोचून घेतलेली तरुण मुलं पार्किन्सन्सच्या रुग्णांसारखी, लाकडासारखी ताठरली. त्यातल्या एमपीटीपी या रसायनापासून मेंदूत बनणारं विष मायटोकाँड्रियातली ऊर्जेची साखळी पहिल्याच कडीला तोडतं. पण यात त्यांच्या आयांचा काय दोष?

आईकडून येतो तो मायटोकाँड्रियाचा स्वतःचा डीएनए, जेमतेम 37 जनुकांचा. मायटोकाँड्रियाला लागणारी बाकीची हजारभर प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि ती जनुकं आईवडील दोघांकडून येतात. निकामी मायटोकाँड्रिया हेरून मोडीत काढणारी पार्किन आणि पिंक-वन ही जनुकंही केंद्रकातच आहेत. पार्किन्सन्सशी त्यांचं नातं कळलं ते 1998 आणि 2004 मध्ये. त्यांच्यामुळे आजार व्हायला साधारणपणे दोन्हीकडून सदोष प्रत यावी लागते, आणि बहुतेक रुग्णांत असं एखादं दोषी जनुक सापडतच नाही. मेंदूच्या ज्या भागाला हा आजार पोखरतो तिथल्या पेशींत मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे तुकडे गळालेले दिसतात खरे, पण ती वयानुसार साठत गेलेली झीज आहे. आईने दिलेला वारसा नव्हे. कुठल्या आईला रात्रभर जागं ठेवताय तुम्ही?

कोक्यूटेनचं म्हणाल, तर अमेरिका-कॅनडात 600 रुग्णांवर रोज 1200 आणि 2400 मिलीग्रॅम देऊन चाचणी झाली. बनावट गोळीपेक्षा काडीचाही फायदा दिसेना, म्हणून ती मध्येच थांबवली. निष्कर्ष 2014 मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त छापून आले. उलट लेव्होडोपा हे पार्किन्सन्सवरचं नेहमीचं औषध एकदम बंद केलं तर अंग आखडून तीव्र ताप चढू शकतो, जीवावर बेतू शकतं.

डॉक्टरांना फोन करून साडेआठला आईला गोळी दिली. हे मी त्याच ग्रुपवर टाकते आहे. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी जिथे जिथे पाठवला तिथे तिथे हेही पाठवावं, आजच.