'पोएमाटिस' हे रूप बरोबरच आहे

नमस्कार. रोमन लेखक सिसेरोच्या लॅटिन भाषेवरच्या माझ्या लेखावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. कविता या अर्थाचा लॅटिन शब्द 'पोएमा' आकारान्त, म्हणून तो स्त्रीलिंगी हवा. आणि चतुर्थी-पंचमीच्या अनेकवचनात 'पोएमाटिबुस' हवं, मी तक्त्यात 'पोएमाटिस' लिहिलं ती चूक.

आधी लिंग. शब्द ग्रीकमधून आलाय आणि तिथे तो नपुंसकलिंगीच आहे. त्याचं अंग, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचं मूळ रूप, 'पोइएमात्'. पण ग्रीकमध्ये शब्दाच्या शेवटी 'त्' टिकत नाही, म्हणून प्रथमेत उरतं 'पोइएमा'. षष्ठीत तो 'त्' परत दिसतो, लॅटिनमध्येही: 'पोएमाटिस'. संस्कृत शिकलेल्यांना यात नवल वाटू नये. 'नामन्'ची प्रथमा 'नाम', षष्ठी 'नाम्नः', लिंग नपुंसक. ग्रीक 'ओनोमा', लॅटिन 'नोमेन' आणि आपलं 'नामन्' ही सख्खी भावंडं आहेत; ग्रीक '-मा' म्हणजे आपला '-मन्' हाच प्रत्यय.

अर्थात, आकारान्त म्हणजे स्त्रीलिंगी हा समज रोमन लोकांनाही चकवत होता. रोमन नाटककार प्लाउटुसच्या 'अम्फित्रुओ' या नाटकात गुलामाच्या वेषात आलेला मर्क्युरी देव 'स्खेमा' (वेष) या तशाच ग्रीक शब्दाचं पंचमीचं रूप 'स्खेमाटे' म्हणत नाही, सरळ 'स्खेमा' म्हणतो, म्हणजे शब्द पहिल्या गणासारखा, आकारान्त स्त्रीलिंगी नामांच्या गटासारखा, चालवतो. बोलीत असं होणारच. पण सिसेरोच्या गद्याला ते लागू करू नका.

आता 'पोएमाटिस'. नियमाने तिसऱ्या गणात, म्हणजे 'पोएमा' ज्यात मोडतो त्या गटात, '-इबुस' लागतो हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण 'पोएमाटा' हे अनेकवचन कानाला 'बेल्ला'सारखं लागतं, म्हणजे दुसऱ्या गणातल्या 'बेल्लुम'च्या (युद्ध) अनेकवचनासारखं. 'बेल्ला'चं जसं 'बेल्लिस', तसं 'पोएमाटा'चं 'पोएमाटिस'. सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये लिहिलेल्या 'दे ओफिकिइस' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात 'इन पोएमाटिस' असंच आहे. तिथे 'इन' असल्यामुळे ती पंचमी आहे; एकवचनी षष्ठी समजून ती बाजूला सारता येत नाही. 'पोएमाटिबुस'ही सापडतं: रोमन चरित्रकार सुएटोनिउस सम्राट टिटुसच्या चरित्रात, त्याच्या शीघ्रकवित्वाबद्दल लिहिताना, तेच वापरतो. पण तो सिसेरोनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता.

माझा लेख सिसेरोच्या भाषेवर होता, म्हणून तक्त्यात 'पोएमाटिस'च ठेवतो आहे.