गाडीनं स्टिअरिंग सोडलं, पण आवाज आला नाही

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. हायवेवर वेग शंभर, पुढच्या गाडीप्रमाणे वेग आपोआप सांभाळणारं क्रूझ चालू, गाडीला लेनच्या मधोमध ठेवणारं फीचरही चालू. माझे हात स्टिअरिंगवर होते, पण नुसते ठेवलेले. एक लांबलचक चढ संपत आला होता, माथ्यावर रस्ता हलकासा डावीकडे वळत होता. बायको शेजारी बसली होती. ती एकदम म्हणाली, "अरे, ते हिरवं चाक गेलंय बघ."

डॅशवरच्या स्टिअरिंगच्या छोट्या चिन्हाबद्दल ती बोलत होती. यंत्रणा चालू असली की ते हिरवं असतं. ते करडं झालं होतं. रस्ता वळला होता आणि गाडी सरळ निघाली होती. मान वर करेपर्यंत उजवी चाकं पांढऱ्या पट्ट्यावर चढल्याची घरघर पायाखाली जाणवली. मी स्टिअरिंग ओढलं, गाडी जागेवर आली. शेजारच्या लेनमध्ये कोणी नव्हतं म्हणून काही झालं नाही.

चिन्ह नेमकं कधी करडं झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. क्रूझ चालूच होतं, वेग तसूभरही कमी झाला नव्हता. वळवायचं काम तेवढं गाडीनं सोडून दिलं होतं. बीप नाही, स्टिअरिंगला थरथर नाही, स्क्रीनवर एक ओळ नाही. सीट बेल्ट लावायला पाच सेकंद उशीर झाला तर हीच गाडी डोकं उठवते. ताशी शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर पुढे जाते. बायकोची नजर त्या चिन्हावर गेली नसती तर?

ही माझी पहिली इलेक्ट्रिक गाडी. घेऊन आठ महिने झाले, चौदा हजार किलोमीटर झाले. गाडी म्हणून मला ती मनापासून आवडते. पण या 'अर्ध्या आपोआप' चालण्याबद्दल माझं मत या आठ महिन्यांत तीनदा बदललं. ते सविस्तर लिहावं असं त्या रात्रीपासून डोक्यात होतं.

पहिल्या आठवड्यात मी जीव मुठीत धरून बसायचो. स्टिअरिंग आपलं आपण हलतंय हे बघणं फार विचित्र वाटतं. ट्रकच्या शेजारून जाताना गाडी मला हवी असते त्यापेक्षा जवळून जायची, तेव्हा हात आपोआप घट्ट व्हायचे. मी घट्ट धरलं की यंत्रणेला वाटायचं, याला गाडी स्वतः वळवायची आहे, आणि ती बंद पडायची. हात अगदी सैल ठेवले की तक्रार यायची, 'स्टिअरिंग धरा'. बऱ्याच गाड्यांना हात आहे की नाही हे स्पर्शानं कळत नाही, स्टिअरिंगवर पडणाऱ्या हलक्या पिळावरून कळतं. म्हणजे हात नुसता ठेवून चालत नाही, त्याचा थोडा भार पडावा लागतो. तो भार किती, हे हाताला कळायला मला चार दिवस लागले.

त्यात इलेक्ट्रिक गाडीची आणखी एक गोष्ट. पेट्रोलच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी हळूहळू मंदावते. इलेक्ट्रिकमध्ये रीजन, म्हणजे मंदावताना मोटरनंच बॅटरी भरून घेण्याची सोय, जास्त ठेवलं असेल तर पाय उचलणं म्हणजे जवळपास ब्रेक मारणंच. क्रूझवर असताना पाय मोकळा असतो. अशा वेळी बटण दाबून क्रूझ बंद केलं की मोटर लगेच उलट काम करायला लागते आणि गाडी गपकन मंदावते. मागचा माणूस काय समजेल? पहिल्यांदा असं झालं तेव्हा मागून लांबलचक हॉर्न ऐकला. आता मी आधी पाय पॅडलवर हलका टेकवतो, मग क्रूझ काढतो. गाडी ताब्यात देणाऱ्या माणसानं चार्जिंग तासभर समजावलं होतं, हे एका वाक्यानंही सांगितलं नव्हतं.

तरी पहिला आठवडा सुरक्षित होता, कारण मी घाबरलेला होतो. धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू झाला. गाडी अंगवळणी पडली. शंभर वळणं तिनं नीट घेतली की एकशे एकावं ती घेणारच, असं आपण धरून चालतो. नजर रस्त्यावर असते, पण बघणं थांबलेलं असतं. हे मला स्वतःला कळत नव्हतं. मुलीला कळलं. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली गाडी चालवताना मागे वळून बोलता." पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, ही सवय मला कधीच नव्हती.

एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेनं गाड्यांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या आहेत. आज असं फीचर असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये जे मिळतं ते पातळी दोनमध्ये येतं. गाडी वेगही सांभाळते आणि स्टिअरिंगही, पण लक्ष ठेवायची जबाबदारी पूर्णपणे चालकाची. कागदावर हे स्वच्छ आहे. पण काम काढून घ्यायचं आणि लक्ष मात्र तेवढंच मागायचं, हे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. हातानं काम करत असलं की लक्ष आपोआप राहतं. नुसती राखण करायची, तीही जिथं तासन्‌तास काही घडत नाही अशा ठिकाणी, हे माणसाला फार काळ जमत नाही. शेतात रात्रभर राखण करणाऱ्यालाही पहाटे डुलकी लागतेच.

हे गाड्या बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. गूगलच्या आपोआप चालणाऱ्या गाडीच्या प्रकल्पानं, म्हणजे आजच्या वेमोनं, २०१३ मध्ये अशीच हायवेवर आपोआप चालणारी गाडी स्वतःच्या कर्मचाऱ्यांना वापरायला दिली होती. लक्ष ठेवा असं त्यांना बजावलं होतं. आतल्या कॅमेऱ्यात काय दिसलं? कोणी फोनशी खेळतंय, कोणी मेकअप करतंय, एक जण चक्क झोपलाय. त्यांनी तो अर्धा मार्गच सोडून दिला आणि चालक लागणारच नाही अशा गाडीमागे लागले. बाकीच्या बहुतेक कंपन्या मात्र नेमक्या त्याच अर्ध्या मार्गावर उभ्या आहेत, आणि त्यांच्यासोबत आपणही.

मे २०१६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टेस्लाच्या मॉडेल एसचा जो अपघात झाला, त्याचा तपास अहवाल मी गाडी घेतल्यावर वाचला. आधी वाचायला हवा होता. आडव्या आलेल्या ट्रेलरखाली गाडी गेली आणि चालक गेला. ना त्यानं ब्रेक मारला, ना गाडीनं. ऑटोपायलट, म्हणजे टेस्लाची अशीच यंत्रणा, ३७ मिनिटं चालू होता आणि त्यातली जेमतेम २५ सेकंद यंत्रणेला स्टिअरिंगवर हात जाणवला होता. ट्रकचालकानं वाट दिली नाही हे कारण होतंच. पण एनटीएसबीनं, म्हणजे तिथल्या अपघात तपास यंत्रणेनं, एवढा वेळ लक्ष काढून घेऊ देणाऱ्या रचनेवरही बोट ठेवलं.

मला त्याहून जास्त हलवून गेला तो मार्च २०१८ चा, कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूचा, टेस्लाच्याच गाडीचा अपघात. हायवेला जिथं फाटा फुटतो तिथं मधल्या मोकळ्या त्रिकोणात गाडी शिरली आणि दुभाजकाच्या टोकावर आदळली. धडकेच्या आधीच्या तीन सेकंदांत तिचा वेग कमी नाही झाला, वाढला. ताशी साधारण शंभरवरून ११४ च्या आसपास. कारण पुढची गाडी समोरून गेली आणि क्रूझला रस्ता मोकळा दिसला. चालक बहुधा फोनवरच्या गेममध्ये गुंतलेला होता असं तपासात आलं.

हे वाचताना अंगावर काटा आला, कारण यातलं अर्धं मी अनुभवलं होतं. हायवे सोडून बाहेरच्या रस्त्याला लागत होतो, पुढच्या गाडीच्या मागे साठच्या वेगानं. ती गाडी शेजारच्या लेनमध्ये गेली. माझ्या गाडीला समोर मोकळी जागा दिसली आणि आधी लावून ठेवलेला शंभरचा वेग आठवला. पुढे वळण होतं आणि गाडी जोरात निघाली. इलेक्ट्रिक मोटरला वेग घ्यायला वेळ लागत नाही, तिची हीच तर मजा. मी ब्रेक मारला. त्या क्षणी माझं लक्ष होतं, एवढंच.

उलट बाजूही बघा. भर उन्हात, रिकाम्या रस्त्यावर, उड्डाणपुलाच्या सावलीत शिरताना गाडीनं विनाकारण ब्रेक लावल्याचं माझ्याकडे चार वेळा झालं. आणि वेगात असताना समोर आधीपासून उभी असलेली गाडी कदाचित ओळखली जाणार नाही, असं मॅन्युअलमध्ये साफ लिहिलंय. आधी वाटलं, जे नाही त्याला घाबरते आणि जे आहे ते दिसत नाही, हे काय? पण दोन्हींचं मूळ एकच आहे. रस्त्यावरचे पूल, पाट्या, खांब, सगळं रडारला स्थिर वस्तू म्हणून परत येतं. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालवणं अशक्य होईल. म्हणून वेगात असताना बऱ्याच यंत्रणा स्थिर वस्तूंकडे कानाडोळा करतात आणि कॅमेऱ्याच्या साक्षीवर जास्त अवलंबून राहतात. कॅमेरा सावलीला फसू शकतो. एकीकडे चाळणी घट्ट केली की दुसरीकडे काहीतरी निसटतं. हे कळल्यापासून गाडीवरचा माझा राग कमी झाला आणि सावधपणा वाढला.

आता चांगलं काय, तेही लिहायलाच हवं. ट्रॅफिकमध्ये रांगेत सरकताना हे फीचर म्हणजे वरदान आहे. दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वेगानं सरकूनही घरी आल्यावर पाय दुखत नाही, डोकं शांत असतं. आणि एकदा या गाडीनं मला खरंच वाचवलं. उजव्या आरशात बघत होतो, पुढच्यानं करकचून ब्रेक मारला, आणि माझा पाय पोचायच्या आत गाडीनं ब्रेक लावला. पुढच्या गाडीच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबलो. त्या दिवशी मी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून दोन मिनिटं उभा होतो.

पण लक्षात घ्या, ते काम आपत्कालीन ब्रेकचं होतं. ते फीचर वेगळं. त्यात गाडी मीच चालवत असतो आणि ते मागे उभं राहून माझी राखण करतं. लेनमध्ये ठेवणाऱ्या फीचरमध्ये गाडी ते चालवतं आणि राखण मी करतो. एका जाहिरातीत, एका पॅकेजमध्ये, एकाच कौतुकाच्या सुरात ही दोन्ही विकली जातात. माझ्या मते ही एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाची कामं आहेत. पहिल्याला मी आंधळेपणानं हो म्हणेन. दुसऱ्याला अटी घालीन.

नावांचाही प्रश्न आहे, आणि तो नवा नाही. वेग धरून ठेवणारं क्रूझ कंट्रोल राल्फ टीटर या माणसानं शोधलं. तो लहानपणापासून दृष्टिहीन होता, गाडी कधी चालवू शकत नव्हता. पण दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर वेग सारखा कमीजास्त होतो हे त्याला अंगावर कळायचं. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं. १९५८ मध्ये क्रायस्लरनं ते गाडीत दिलं तेव्हा त्याला नाव काय दिलं? ऑटो-पायलट! फक्त वेग धरणाऱ्या यंत्राला. नाव ऐकून माणूस किती सैल बसेल हे नाव देणाऱ्यांनी तेव्हाही पाहिलं नाही आणि आजही पाहत नाहीत.

त्या रात्रीनंतर मी सर्व्हिस सेंटरला गेलो. "पट्टे अस्पष्ट असतील, सर. मॅन्युअलमध्ये दिलंय." खरंच दिलंय. चढाच्या माथ्यावर, तीव्र वळणावर, पट्टे पुसट असतील तर यंत्रणा सुटू शकते, असं छापलंय. सुटण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. कॅमेऱ्याला चढाच्या पलीकडचे पट्टे दिसत नाहीत हे मलाही समजतं. माझी तक्रार एवढीच की सोडताना हाक का मारत नाही? दोघांनी मिळून कपाट उचललेलं असताना एकानं न सांगता हात काढला तर आपण त्याला काय म्हणू? "सोडतोय हं" एवढं तरी म्हणतोच ना माणूस. त्या एका आवाजासाठी वेगळा सेन्सर लागत नाही, जास्तीचा कॅमेरा लागत नाही. स्पीकर गाडीत आहेच. दर दोन महिन्यांनी घरबसल्या अपडेट येतं. मागच्या अपडेटनं पुढच्या गाडीपासूनचं अंतर मला न विचारता बदललं, चार्जिंगच्या पडद्यावर नवी रंगसंगतीही आली. मग हा आवाज का येऊ शकत नाही?

कंपनीला मी तारीख, वेळ, वेग, सगळं लिहून ईमेल केलंय. पोच आली, उत्तर नाही. पाठपुरावा चालू आहे.

तोवर माझे नियम मी बदलले आहेत. लेनचं फीचर रात्री बंद, पावसात बंद, चढउताराच्या रस्त्यावर बंद. हायवे सोडायच्या आधी क्रूझ काढायचं, पाय पॅडलवर. चालू असेल तेव्हा हात नुसता ठेवायचा नाही, वळणावर गाडीसोबत स्वतः वळवायचं, म्हणजे तिनं सोडलं तर हाताला आधी कळतं. बायको शेजारी असली की ती त्या हिरव्या चिन्हावर नजर ठेवते. न सांगता.

ज्यांच्याकडे असं फीचर असलेली गाडी आहे, इलेक्ट्रिक असो वा नसो, त्यांना एक विनंती. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून लक्ष द्या. पट्टे संपतात तिथं तुमची गाडी स्टिअरिंग सोडताना आवाज करते का, की चिन्ह नुसतंच करडं होतं? खाली कमेंटमध्ये लिहा. सगळ्यांचं एकत्र करून मी पुन्हा कंपनीला पाठवणार आहे.